आबांचं आयुष्य लिहिताना : तीन मेडलं, तेवीस वह्या आणि १९७६ चं एक पान

पार्श्वभूमी

आमचे आबा, म्हणजे माझ्या पप्पांचे वडील, २०२३ च्या पावसाळ्यात गेले, वय ८५. त्यांच्या वर्षश्राद्धाला छोटी स्मरणिका काढायची असं घरात ठरलं आणि ते काम थोरली नात म्हणून माझ्या गळ्यात पडलं. चोवीस पानं लिहायला अकरा महिने लागले आणि घरात दोन वेळा अबोला झाला, तो का झाला आणि कुठल्या वळणावर आम्ही काय ठरवलं ते इथे मांडतेय, कारण घरातल्या ट्रंकेवरून कुणाचं आयुष्य लिहायला बसणाऱ्या बऱ्याच जणांना हेच प्रश्न पडणार आहेत. गावाचं, वाडीचं, माणसांचं नाव मुद्दाम घातलेलं नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत.

गाव सातारा जिल्ह्यातलं, डोंगराकडचं. आबा १९५७ ला लष्करात भरती झाले, आर्मी मेडिकल कोरमध्ये, नर्सिंग असिस्टंट. लखनौला ट्रेनिंग, मग कुठे कुठे पोस्टिंग, १९६५ झालं, १९७१ झालं, आणि १५ वर्षं भरल्यावर १९७२ ला पेन्शन घेऊन घरी. तेव्हा दुष्काळ होता, रानात काही नव्हतं, म्हणून १९७३ ला जिल्हा परिषदेच्या आरोग्य खात्यात चिकटले. आधी मलेरियाचं काम, मग बहुउद्देशीय योजना आल्यावर आरोग्य सेवक, आणि १९९६ ला ५८ पूर्ण झाल्यावर रिटायर.

म्हणजे हिशोब करा, लष्करात १५ वर्षं आणि आरोग्य खात्यात २३. तरी गावात त्यांची ओळख काय, तर 'मिलिटरीवाले आबा'. आमच्या भागात घरटी एक माणूस फौजेत असतो, त्यामुळे फौजेची भाषा सगळ्यांना कळते. हिवतापाची स्लाईड घेत फिरणाऱ्या माणसाचं कौतुक कसं करायचं हे कुणालाच माहीत नाही. तो येतो, बोटाला सुई टोचतो, गोळ्या देतो, जातो. पोरं त्याला बघून माळ्यावर लपतात. माझी आत्या सांगते की शाळेत तिला पोरी चिडवायच्या, 'टोच्याची पोरगी' म्हणून.

अडचण कशी सुरू झाली

दशक्रियेलाच सुरू झाली खरं तर. काकांनी फ्लेक्स लावला होता, आबांचा फेट्यातला फोटो, मागे रणगाडा आणि खाली मोठ्या अक्षरात 'लोंगेवालाचे वीर'. घाटावर भाषणं झाली त्यात पण तेच. मला तेव्हा काही खटकलं नाही, आम्ही लहानपणापासून हेच ऐकत आलोय की आबा लोंगेवालाला होते, एकाहत्तरच्या त्या गाजलेल्या लढाईत, रात्रभर वाळूत पडून होते वगैरे.

मग स्मरणिकेसाठी ट्रंक उघडली. काळी पत्र्याची, वर पांढऱ्या रंगात त्यांचा आर्मी नंबर. आत डिस्चार्ज बुक, जिल्हा परिषदेच्या सेवापुस्तकाची प्रत, एक जुना स्टेथोस्कोप ज्याची रबरी नळी चिकट होऊन वितळायला आलेली, बिस्किटाच्या डब्यात मेडलं, आणि खाली सुतळीनं बांधलेल्या खिशातल्या वह्या. मोजल्या तर तेवीस, वर्षाला एक. खात्याची दैनंदिनी वेगळी असायची, ती ऑफिसला जमा व्हायची. या त्यांच्या स्वतःच्या.

मेडलं मी गावातल्याच एका रिटायर सुभेदारांकडे घेऊन गेले, कारण कुठलं कशाचं ते मला कळेना. त्यांनी चष्मा वर करून एकेक हातात घेतलं, कडेवर कोरलेला नंबर वाचला आणि म्हणाले, "ताई, हे समर सेवा स्टार, पासष्टचं. हे संग्राम मेडल, एकाहत्तरचं. आणि हा पूर्वी स्टार. लोंगेवालावाल्यांना पश्चिमी स्टार. तुमचे आबा राजस्थानात नव्हते, पलीकडे होते, बांगलादेशाच्या बाजूला."

मी तिथेच डिस्चार्ज बुक उघडलं. फील्ड अँब्युलन्स युनिट, म्हणजे आघाडीजवळ जखमींना सांभाळणारं वैद्यकीय पथक, पूर्व कमांड. लोंगेवाला जैसलमेरच्या वाळवंटात, ४-५ डिसेंबरची रात्र, आणि आबा तेव्हा दीड हजार किलोमीटरच्या वर लांब, चिखलात, स्ट्रेचर उचलत होते. ही गोष्ट आमच्या घरात शिरली कधी, याचा शोध घेतला तर आत्या म्हणाली, "अगं तो 'बॉर्डर' सिनेमा आला ना सत्त्याण्णवला, त्यानंतर." कुणीतरी आबांना विचारलं असणार, आबा तुम्ही पण होता का त्यात, आणि आबा हसले असतील. ते नाही कधी म्हणायचे नाहीत, फक्त हसायचे. झालं, आम्ही होकार धरला.

ही पहिली अडचण, आणि तशी सोपी. दुसरी वह्यांमध्ये होती.

वह्यांमध्ये काय होतं

वह्या वाचायला मला चार महिने लागले. अक्षर बारीक, अर्धं मोडीच्या वळणाचं, तारखा सगळ्या पण वाक्यं तुटक. '४२ घरं. ताप ३. स्लाईड ३. गोळ्या १२.' असं पानंच्या पानं. आधी वाटलं यात काय आहे लिहिण्यासारखं. मग हळूहळू कळायला लागलं की तापाच्या माणसाला चार गोळ्या क्लोरोक्विन लगेच द्यायच्या आणि रक्ताचा रिपोर्ट मागून यायचा, म्हणून तीन तापाला बारा गोळ्या. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच घरं. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर त्याच्या पुढे लाल पेन्सिलीचा ठिपका. १९७६ च्या वहीत लाल ठिपकेच ठिपके आहेत, आणि नंतर मी शोधलं तर त्या वर्षी देशभरात हिवतापाचे ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले होते, दहा वर्षांपूर्वी जो आकडा लाखाच्या आसपास खाली आणला होता त्याच रोगाचे. डीडीटीला डास सरावले, पैसे कमी पडले, लोकांनी घरात फवारणी करू देणं बंद केलं कारण शेणानं सारवलेल्या भिंतीवर पांढरे डाग पडायचे आणि ढेकूण उलट वाढतात अशी बायकांची तक्रार. हे सगळं आबांच्या दोन शब्दांत आहे : 'भिंत नको.' म्हणजे त्या घरानं भिंतीला हात लावू दिला नाही.

१९७५ च्या वहीत देवीचं आहे. मे १९७५ मध्ये भारतातली देवीची शेवटची रुग्ण सापडली, पण त्यानंतर शोध थांबला नाही, उलट वाढला, देवीचा रुग्ण दाखवा आणि हजार रुपये घ्या अशी जाहिरात होती. आबांनी अंगावर पुरळ असलेलं प्रत्येक पोर बघितलेलं दिसतं. 'कांजिण्या. देवी नव्हे.' 'गोवर. देवी नव्हे.' एका ठिकाणी, 'म्हातारा बक्षिसासाठी नातवाला घेऊन आला. खरूज.' मला हे वाचून इतकं हसू आलं. माझ्या पप्पांच्या दंडावर जो देवीचा व्रण आहे तो आबांनीच दिलेला, दुहेरी टोकाच्या सुईनं, पंधरा टोचे. पप्पा सांगतात की त्यांना घरात सगळ्यात आधी टोचलं, सगळ्यांच्या समोर, म्हणजे बाकीच्या आळीनं बघावं म्हणून.

एक जागा मात्र अशी होती जिथे लष्कर आणि खातं एकत्र आलं. १९८० च्या दशकात एका पावसाळ्यात वाडीत गॅस्ट्रोची साथ आली, त्याची नोंद आहे, विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकली, ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात क्लोरीन उतरलं का ते बघायच्या चाचणीला, पिवळा रंग येईपर्यंत थांबले, आणि खाली, 'साखर मीठ पाणी. घोटघोट. तिकडं पाहिलं होतं.' तिकडं म्हणजे कुठं? १९७१ ला युद्धाच्या आधी निर्वासितांच्या छावण्यांमध्ये कॉलरा पसरला होता, सलाईन संपली, आणि पश्चिम बंगालमधल्या बनगावला डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ, सोड्याचं पाणी पिंपात करून प्यायला दिलं आणि मरणाचं प्रमाण ३०% च्या आसपास होतं ते ४% च्याही खाली आलं, हे आता सगळ्यांना माहितीय. आबा बनगावला होते असं मी म्हणत नाही, तसा कागद नाही. पण त्यांचं युनिट त्याच बाजूला होतं आणि छावण्या त्यांनी पाहिल्या होत्या हे आज्जीला त्यांनी सांगितलेलं. लिटरभर पाण्यात सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, हे आम्हा नातवंडांना पाढ्यासारखं पाठ होतं, कुठून आलं ते कधी विचारलं नाही.

आता अडचण. वह्यांमध्ये नावं आहेत. कुष्ठरोगाच्या सर्वेक्षणात कुणाच्या पाठीवर चट्टा निघाला, कुणाला गोळ्या सुरू केल्या, कुणी घरच्यांपासून लपवून उपकेंद्रावर येऊन घ्यायचं, नावासकट. टीबीची नावं. यातली कितीतरी माणसं गावात आहेत, त्यांच्या नाती आता लग्नाच्या आहेत. काकांचं म्हणणं होतं की वह्यांची पानं फोटो काढून स्मरणिकेत छापू, 'अक्षर बघून लोक भारावतील'. एक पान तर त्यांनी फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं पण होतं, त्यावर दोन नावं स्पष्ट वाचता येत होती. मी दहा मिनिटांत काढायला लावलं, पण दहा मिनिटं खूप असतात.

आणि १९७६ च्या वहीत, नोव्हेंबरात, एक पान आहे. त्यावर अकरा नावं आणि वर लिहिलंय 'केसेस'.

१९७६ चं पान

ज्यांना तो काळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. आणीबाणी होती, आणि नसबंदीचं टार्गेट खालपर्यंत वाटलेलं. महाराष्ट्रात तर विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचा कायदाही मंजूर केला होता त्या वर्षी, फक्त राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून तो लागू झाला नाही. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांवर शस्त्रक्रिया झाल्या. वरून आकडा यायचा आणि तो शेवटी गावात सायकलवर फिरणाऱ्या माणसाच्या डोक्यावर पडायचा. केसेस आणा, नाहीतर पगार नाही. आरोग्य सेवक, मास्तर, तलाठी, सगळे केसेस शोधत होते.

आबांच्या पानावर अकरा नावांपैकी नऊपुढे बरोबरची खूण. खाली, 'कॅम्प झाला. पगार निघाला. पोरांची फी भरली.' हे वाक्य पप्पांनी वाचलं आणि वही मिटून ठेवली, कारण पोरं म्हणजे तेच. ते तेव्हा पाचवीत होते.

मग पुढच्या वर्षीच्या वहीत, ऑगस्ट १९७७, एका ओळीत : 'वाडीतल्या — चा मुलगा गेला. हगवण. मी गेलो नाही.' नाव मी गाळलंय. ते नाव नोव्हेंबरच्या यादीत चौथं आहे. त्या माणसाला एक मुलगा आणि एक मुलगी होती, आणि तो मुलगा गेल्यावर आता पुन्हा मूल होणार नव्हतं.

तेवीस वह्यांमध्ये 'मी' हा शब्द मला फार कमी सापडला. 'मी गेलो नाही' हा त्यातला एक.

काय काय पर्याय होते

घरात बैठक बसली, पप्पा, काका, आत्या, आज्जी आणि मी. काकांचं सरळ होतं. लष्कराचं लिहा, लोंगेवाला काढा पाहिजे तर, आरोग्याचं एक पान लिहा, देवी मलेरिया वगैरे, आणि ही वही ट्रंकेत परत. "चार लोकांत बापाची अब्रू घालवायला स्मरणिका काढायची का?" आणि खरं सांगायचं तर त्यांचं अगदीच चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. मेलेला माणूस उत्तर द्यायला येत नाही. आणि नऊ माणसांतली किती स्वखुशीनं गेली, किती जबरदस्तीनं, हे वहीवरून कळतच नाही, तेव्हा पैसे मिळायचे, काहींना मुलं नको पण होती.

माझं सुरुवातीचं मत दुसऱ्या टोकाला होतं, सगळं छापायचं, यादी सोडून. मला वाटत होतं मी फार धाडसी वगैरे आहे. आत्यानं मला तिथेच जमिनीवर आणलं, म्हणाली, "तू आबांचं पाप छापणार, पण ते पाप ज्यांच्या अंगावर झालं त्यांना विचारलंस का? त्यांची गोष्ट आहे ती आधी, आपली नंतर." मला उत्तर आलं नाही.

तिसरा पर्याय पप्पांचा, स्मरणिकाच नको. त्यांनी तो दोनदा मांडला आणि दोन्ही वेळा उठून गेले. माझ्या मते त्यांना आबांबद्दल प्रश्न नव्हता, त्यांना फीबद्दल होता, पण ते त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही आणि मीही खोदलं नाही.

आज्जी सगळा वेळ शेंगा फोडत बसली होती. शेवटी म्हणाली, "दर संक्रांतीला कुठं जायाचं वाटलं तुमास्नी? बीपीच्या गोळ्या द्याया?" आम्ही सगळे गप्प. आबा दर संक्रांतीला त्या वाडीत जायचे हे सगळ्यांना माहीत होतं, रिटायर झाल्यावरही जायचे, आणि आमची समजूत हीच की तिथे कुणीतरी जुना पेशंट आहे. "मला ठावं हुतं. न्हाय तर तिळगूळ कुणी बांधून दिला आस्ता? आधी तिला इचारा. ती हाय अजून."

काय केलं

तीन वेगवेगळे निर्णय घेतले, आणि ते वेगवेगळे ठेवले हे बरं झालं, कारण आधी आम्ही एकाच भांडणात सगळं कोंबत होतो.

लोंगेवालाचं काढून टाकलं. काकांनी थोडी कुरकुर केली, गावात काय सांगायचं म्हणून. सुभेदारांनीच उपाय सुचवला, त्यांनी दोन पानांचा मजकूर स्वतः लिहून दिला की फील्ड अँब्युलन्स म्हणजे काय, जखमी माणूस रेजिमेंटच्या एड पोस्टवरून मागे कसा येतो, ड्रेसिंग स्टेशनला काय होतं, आणि स्ट्रेचरवाल्याच्या हातात बंदूक नसते तेव्हा त्याला भीती कशी वाटते. ती दोन पानं स्मरणिकेतली सगळ्यात जास्त वाचली गेली. (मधल्या काळात चुलतभावानं उत्साहात मेडलं ब्रासोनं घासून चकचकीत केली, फोटोसाठी. कडेवरचा नंबर आता एका मेडलावर जेमतेम दिसतो. जुनी मेडलं घासू नका, मऊ फडक्यानं पुसा आणि सोडून द्या.)

वह्यांचा एकही फोटो छापला नाही ज्यात रुग्णाचं नाव आहे. एक पान निवडलं, ते फक्त आकड्यांचं, ४२ घरंवालं, आणि त्याच्या खाली ते कसं वाचायचं ते लिहिलं. कुष्ठरोगाचं काम वर्णन करून लिहिलं, गावांची नावं न घालता. यावर फार वाद झाला नाही, एकदा काकांना ग्रुपवरच्या त्या पानातलं दुसरं नाव कुणाचं आहे ते कळल्यावर. त्यांच्या मित्राच्या आईचं होतं.

तिसरं, १९७६. मी आणि आत्या वाडीत गेलो, त्या गेलेल्या मुलाच्या आईकडे. आधी निरोप पाठवला होता, त्यांच्या मुलीमार्फत, ती साताऱ्याला असते. मुलगी फोनवर म्हणाली, "आईला विचारा, मला तेव्हाचं काही आठवत नाही, पण तिला त्रास होईल असं वाटलं तर तिथनंच परत जा." हे वाक्य मी लिहून घेतलं आणि वाडीची चढण चढेपर्यंत मनात घोळवत होते.

मावशी म्हणजे पंच्याहत्तरीच्या आसपास, एकट्या राहतात, नवरा जाऊन वीस वर्षं. ओट्यावर बसलो. आत्यानंच बोलायला सुरुवात केली, सरळ, काही न लपवता, की आबांच्या वहीत तुमच्या घरचं नाव आहे, हे हे लिहिलंय, आम्ही पुस्तक काढतोय, त्यात हे यावं की येऊ नये ते तुम्ही सांगा. मावशी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यायचा. तुमी बसलाय तितंच बसायचा, वट्यावर. आत कधी आला न्हाय. आमी बी कधी बलावलं न्हाय."

मग म्हणाल्या, "त्यो बी हुकमाचाच हुता म्हना. पर घरात त्यो आला हुता, सरकार न्हवतं आलं."

त्यांनी हो म्हटलं, नाव नको, वाडीचं नाव नको, मुलाचं तर अजिबात नको. आत्यानं विचारलं की वाचून दाखवू का छापायच्या आधी, तर म्हणाल्या दाखवा.

एका क्रियापदावरून झालेलं भांडण

हे लहान वाटेल पण सगळ्या प्रकरणात मला हाच निर्णयाचा खरा क्षण वाटतो. मी परिच्छेद लिहिला : '१९७६ साली आबांना नसबंदीच्या केसेस आणाव्या लागल्या.' काकांना पटलं, पप्पांनाही पटलं. आत्या चाळीस वर्षं मराठी शिकवलेली बाई, तिनं लाल पेन घेतलं आणि 'आणाव्या लागल्या' खोडून 'आणल्या' केलं. काका म्हणाले, "पण लागल्याच ना! पगार अडवला होता." आत्या म्हणाली, "पगाराचं पुढच्या वाक्यात लिहा की. पण आणल्या कुणी? आबांनी आणल्या."

चार दिवस हे चाललं. व्हॉट्सअॅपवर लांबलचक मेसेज, मग ग्रुपवर शांतता. शेवटी आम्ही दोन्ही वाक्यं कागदावर लिहून वाडीत नेली आणि मावशींना वाचून दाखवली. त्यांना फरक पडत होता का मला माहीत नाही, कदाचित आम्हीच आमचं ओझं त्यांच्या ओट्यावर नेऊन ठेवत होतो, आणि हे मला आज बरोबर वाटत नाही. पण त्या म्हणाल्या, "त्येनं काय क्येलं त्ये लिवा. सरकारचं सरकार लिवंल."

'आणल्या' छापलं. पुढच्या वाक्यात पगार, त्याच्या पुढे फी. फीचं वाक्य पप्पांनी स्वतः लिहिलं, आणि ते मी एका अक्षरानंही बदललं नाही.

पुढं काय झालं

वर्षश्राद्धाला स्मरणिकेच्या दोनशे प्रती होत्या, दीडशे गेल्या. गावात अपेक्षेइतका गाजावाजा झाला नाही, चांगला पण नाही वाईट पण नाही. बहुतेकांनी फोटो बघितले. दोघा-तिघांनी लोंगेवालाबद्दल विचारलं आणि काकांनीच त्यांना पूर्वी स्टार समजावून सांगितला, आता ते हे मोठ्या उत्साहानं सांगतात जसं काही त्यांनीच शोधलं.

एक रिटायर आरोग्य सेवक, आबांच्या नंतरच्या पिढीतले, मला बाजूला घेऊन म्हणाले की हे पान लिहिलंत ते बरं केलंत, आमच्या सगळ्यांच्या वह्यांत असं एक पान आहे. आणि दुसरे एक, आबांचेच जुने सहकारी, जेवायला न थांबता निघून गेले. त्यांनी मला फोन करून सुनावलं, की तुम्हाला काय कळतं त्या वेळी काय होतं, आम्ही नोकऱ्या वाचवल्या आणि तुम्ही शिकलात. मी ऐकून घेतलं. तेही खरं आहे.

मावशी आल्या नाहीत, येणार नाही असं त्यांनी आधीच सांगितलं होतं. प्रत आत्यानं नेऊन दिली. यंदाच्या संक्रांतीला आज्जीनं तिळगूळ बांधून दिला, पण कुणी जायचं यावरून घरात पुन्हा गोंधळ, शेवटी पप्पा गेले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलेलं नाही.

वह्यांचं अजून ठरलेलं नाही. काकांना वाटतं एखाद्या संग्रहालयाला द्याव्यात, हिवतापाच्या गावपातळीच्या नोंदी सलग तेवीस वर्षांच्या कुठे मिळतात. मला ते पटतं, पण नावं झाकल्याशिवाय नाही, आणि तेवीस वह्यांमधली नावं झाकायची म्हणजे वर्षाचं काम. आज्जी म्हणते जाळा. तोवर त्या ट्रंकेत आहेत आणि किल्ली आत्याकडे.

काय वेगळं करता आलं असतं

फ्लेक्स छापायच्या आधी डिस्चार्ज बुक उघडायला हवं होतं, ते ट्रंकेत सगळ्यात वरच होतं. ग्रुपवर एकही पान टाकायला नको होतं. मावशींकडे दुसऱ्यांदा जायला नको होतं, आमचं भांडण आम्ही घरात मिटवायला हवं होतं. बाकी आठ घरांकडे आम्ही गेलोच नाही, चार जणांचा पत्ता लागला नाही हे खरं, पण चारांचा लागला असता. तिथे आम्ही दमलो, दुसरं काही कारण नाही.

आणि एक गोष्ट जी कुणालाच सांगितली नव्हती. २०१९ ला मी आबांची मुलाखत घेतली होती, मोबाईलवर, चाळीस मिनिटांची. स्मरणिकेच्या वेळी ती मी ऐकलीच नाही, मला वाटलं त्यात लढाईचंच आहे, आणि ते आता कागदावरून जास्त नीट कळलंय. छापून झाल्यावर एका रात्री ऐकली. एकतिसाव्या मिनिटाला आबा म्हणतात, "लढाईचं काय, ती बारा-तेरा दिवसांत संपली. त्याच्यापेक्षा खात्यातली एक गोष्ट हाय, ती कुणाला तरी सांगाया पायजे." मध्ये जरा थांबलेत, बाहेर कोंबडा ओरडतोय, आणि मग माझा आवाज येतो, एकदम उत्साही, "ते नंतर आबा, आधी मला सांगा, तुम्ही रणगाडा किती जवळून बघितला?"